राखेच्या दिवशी जास्त, उन्हाच्या दिवशी कमी

तासभर यंत्र शहाण्यासारखं चाललं. अकरा वाजून दहा मिनिटांनी मात्र ते एकाएकी किंचाळायला लागलं आणि मित्सुए पलंगाकडे धावली.

किंचाळणारं यंत्र ऑक्सिजनचं होतं. तिचा नवरा इवाओ जानेवारीत इस्पितळातून घरी आला, त्या दिवसापासून ते त्याच्या पलंगाशेजारी उभं होतं आणि नळीनं त्याच्या नाकात ऑक्सिजन सोडत होतं. एरवी ते साध्या विजेवर चाले. आज मुद्दाम घराचं मुख्य बटण पाडून ते सौर पॅनेलच्या स्वतंत्र सॉकेटला जोडलं होतं. जोडीला खोलीतला एसी, कारण सप्टेंबरच्या उकाड्यात एसी नसला की इवाओचा दम दुपटीनं वाढायचा. बाहेर लख्ख ऊन होतं. ज्वालामुखी डोंगराची राख आज वाऱ्यानं दुसरीकडे नेली होती, सगळ्या गल्लीनं कपडे बाहेर वाळत घातले होते. आणि नेमक्या अशा उन्हात पॅनेलनं मान टाकली होती.

माएसाको नर्सनं झटकन मुख्य बटण वर केलं आणि यंत्राची पिन पुन्हा साध्या सॉकेटात लावली. यंत्र पुन्हा गुरगुरायला लागलं. तिनं इवाओच्या बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला, नळी सारखी केली आणि मग ती खाली बसली. दर शुक्रवारी येणारी ही पस्तिशीची बाई एरवी दारातूनच बोलायला सुरुवात करायची. आज तिला शब्द शोधावे लागत होते.

"मित्सुएसान, असं नाही हो चालणार. वादळात तीन-तीन दिवस लाईट जाते. रात्रीसाठी सिलिंडर आहेत, ती पुरतील. पण दिवसा काय?"

"दिवसा पॅनेल. गेल्या वर्षी तीन दिवस मी त्याच्यावर भात शिजवलाय. फ्रिजसुद्धा चालला."

"भात अर्ध्यात थांबला तर उपाशी राहाल. हे अर्ध्यात थांबलं तर?"

मित्सुएनं इवाओच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"दक्षिणेला एक वादळ तयार होतंय," नर्स म्हणाली. "आलंच तर पुढच्या रविवारी. इस्पितळातल्या खाटांची यादी पुढच्या शुक्रवारी दुपारी बंद होते. मी शुक्रवारी दहाला येते आणि दोनपर्यंत इथेच ठाण मांडते. चार तास न थांबता चाललं, तर घरी राहायच्या कागदावर खुशाल सही करते. नाही चाललं, तर मला खाट मागावीच लागेल."

"चालेल," मित्सुए म्हणाली.

"अहो पण कसं चालेल?"

"ते मी बघते."

इवाओनं चाळीस वर्षं खाडीतल्या फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली होती. धूर तिथला, आणि वर स्वतःच्या सिगारेटींचा. डिसेंबरात तो आपल्या पायांनी चालत इस्पितळात गेला आणि चाळीस दिवसांनी चाकांच्या खुर्चीतून बाहेर आला. येताना टॅक्सीत त्यानं तिची बाही धरली होती. "परत तिथे नेऊ नकोस. काय व्हायचं ते घरी होऊ दे," तो म्हणाला होता. मित्सुए म्हणाली होती, "बरं."

आता मित्सुएचं "बरं" काय असतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तिनं एकदा बरं म्हटलं, की मग तिला अडवायला जाणं म्हणजे डोंगराला राख टाकू नकोस म्हणून विनवण्यासारखं. वय एकाहत्तर, उंची चार फूट नऊ इंच, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. पण नर्सची गाडी वळणाआड गेली तशी तिनं बाह्या सरसावल्या.

पॅनेल घराच्या कौलांवर नव्हते. अंगणाच्या उत्तरेला, एक पायरी खालच्या अंगाला कोठीची खोली होती, तिच्या उतरत्या छपरावर ते बसवले होते. छपराची कड अंगणातून कमरेइतकीच उंच. अकरा वर्षांपूर्वी ती जागा इवाओनंच निवडली. राख पडणाऱ्या गावात पॅनेल हाताशी हवेत, शिडी लावून कोण धूत बसणार, हे त्याचं म्हणणं आणि ते खरंही होतं. सहा-सहाच्या दोन रांगा, एकूण बारा. गेली दहा वर्षं दुपारी बाराला ओसरीतल्या मीटरवर अडीचच्या आसपास किलोवॅट दिसत आलं होतं. या वर्षी तिनं मीटरकडे पाहिलंच नव्हतं. नवरा श्वास मोजत असताना किलोवॅट कोण मोजणार?

शनिवारी तिनं पॅनेल धुतले. सुक्या राखेवर फडकं फिरवायचं नसतं, काचेवर ओरखडे उठतात, एवढं इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं. तिनं आधी पाइपनं भरपूर पाणी सोडलं, मग मऊ ब्रश फिरवला, मग पुन्हा पाणी. करडा गाळ पन्हळीत साचला तो खरवडून पालिकेनं राखेसाठी दिलेल्या पिवळ्या पिशवीत भरला. आत पलंगावरून इवाओ हुकूम सोडत होता.

"खालून वर घास! वरून खाली नको!"

"तुम्ही श्वास घ्या. घासायचं मी बघते."

"कोपऱ्यातली राख राहते तुझी नेहमी."

"पलंगावरून कोपरे दिसतात वाटतं?"

दुपारी बाराला ती हात पुसत ओसरीत मीटरसमोर उभी राहिली. आकाश धुतल्यासारखं, पॅनेल धुतलेले. आकडा अर्धा किलोवॅट. तिनं मीटरला टिचकी मारली. तरी अर्धाच. तिनं तो कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिला आणि त्या दिवशीच्या चौकोनात एक छोटा सूर्य काढला.

रविवारी सकाळी डोंगर खोकला. नऊच्या सुमारास करडा ढग गल्लीवर आला, बायकांनी धावपळ करून कपडे आत घेतले, खिडक्या लागल्या, रस्त्यावरून छत्र्या चालायला लागल्या. अशा दिवशी मीटर बघण्यात काय अर्थ, असं मनात म्हणत ती बाराला उभी राहिली आणि बघतच राहिली. दोन पूर्णांक एक.

"अहो, राखेत दोन पॉइंट एक देतंय!"

इवाओनं मान वळवली. किती तरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत इंजिनखोलीतली ती जुनी चमक दिसली. "उन्हात अर्धा आणि राखेत दोन? उलटी बोट चालली म्हणायची. डोंगराची राख तुझ्या पॅनेलला औषध दिसतेय."

"हसा. शुक्रवारी मी हसेन."

सोमवारी पुन्हा कडक ऊन पडलं आणि आकडा अर्ध्यावर आला. इवाओनं कॅलेंडर मागून घेतलं. चष्मा लावून तो बराच वेळ तिनं काढलेले दोन सूर्य आणि मधला राखेचा ढग बघत राहिला. मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज गाद्या उन्हात घातल्यास?"

"घातल्या. माझी गादी, रजई, दोन्ही. खाली जमिनीवर झोपते ना मी, घामानं ओली होते गादी. का?"

"काही नाही. ऊन चांगलं आहे." त्यानं कॅलेंडर परत दिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला.

त्यानंतर त्याचा उत्साह मावळला. तिनं आकडा सांगितला तर नुसतं "हं" म्हणायचा. मित्सुएला राग आला. हा माणूस बिघडलेल्या पंपाशी तीन-तीन दिवस झुंजायचा, तेलानं माखून घरी यायचा, जेवताना ताटात चॉपस्टिकनं पंपाची चित्रं काढायचा. आणि आता स्वतःच्या जिवाचा प्रश्न आला तर भिंतीकडे तोंड! त्यानं हात टेकले असतील तर टेकले. तिनं टेकले नव्हते.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. तोगो नावाचा पन्नाशीचा, डोक्याला घट्ट टॉवेल बांधलेला माणूस. नेमका त्याच सकाळी पुन्हा राखेचा शिडकावा झाला होता. त्यानं छपरावर गुडघे टेकून एकेक पॅनेल तपासला, तारा ओढून पाहिल्या, पॅनेलची वीज घरजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचं झाकण काढून आत नाक खुपसलं. बाराला दोघं मीटरसमोर उभे राहिले. दोन पूर्णांक दोन.

"उत्तम आहे की हो, बाई."

"दवाखान्यात गेलं की ताप उतरतो, तसली गत झाली ही. उद्या ऊन पडेल तेव्हा या."

"उद्या चार ठिकाणी जायचंय. वादळ येतंय म्हटल्यावर सगळ्यांनाच आपापले पॅनेल आठवतात." तो टॉवेलनं मान पुसत विचार करायला लागला. "कडक उन्हातच पडतं म्हणता? मग शेजारी बघा. एका गल्लीत फार पॅनेल झाले, की लख्ख उन्हात तारेवर विजेचा दाब चढतो. मग आपला इन्व्हर्टर घाबरून हात आखडता घेतो. त्या दुमजली घरावर नवीन दिसतात."

ते दुमजली घर चूमानचं. मागच्या वसंतात त्यानं छपरभर चकचकीत पॅनेल बसवले होते. मित्सुएनं बोटं मोजली. वसंतात. मीटर बिघडलं असेल तर त्यानंतरच.

"पण शुक्रवारी मी मुख्य बटण पाडलं होतं," ती म्हणाली. "गल्लीशी संबंधच तोडला होता. तेव्हाही का किंचाळलं?"

तोगोनं डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. "मग इन्व्हर्टरच म्हातारा झाला असेल. नवा मागवला तर सहा आठवडे."

"माझ्याकडे तीन दिवस आहेत."

"मग आधी शेजारी," तोगो म्हणाला आणि चहा न घेताच निघाला.

चूमान टपाल खात्यातून निवृत्त झालेला विधुर होता. अख्ख्या गल्लीची बित्तंबातमी त्याच्याकडे, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. बुधवारी संध्याकाळी मित्सुए तळलेल्या मासळीच्या वड्यांचा डबा घेऊन त्याच्या उंबऱ्यात जाऊन वाकली.

"चूमानसान, एक विचित्र मागणी आहे. उद्या बाराला दहा मिनिटं तुमचे पॅनेल बंद ठेवा."

"का? माझे पॅनेल तुमच्या पॅनेलना शिव्या देतात की काय?"

तिनं सगळं सांगितलं. वादळ, खाटांची यादी, टॅक्सीतलं ते बोलणं, सगळं. चूमान वडी चघळायचा थांबला.

"इवाओसानसाठी दहा मिनिटं काय, दहा दिवस बंद ठेवतो," तो म्हणाला. "मी वरच्या खिडकीतून हाक मारीन. तुमच्या अंगणात स्पष्ट ऐकू येईल."

गुरुवारी आकाश असं निळं होतं की बघून मित्सुएला चीड आली. सकाळी आठला तिनं नेहमीप्रमाणे अंगणातल्या बांबूवर गादी आणि रजई घातली, इवाओला मिसो सूप पाजलं, अंग पुसलं, औषधं दिली. बाराला पाच कमी असताना ती मीटरसमोर जाऊन उभी राहिली. शून्य पूर्णांक सहा. वरून खणखणीत हाक आली. "बंद केलं हो!"

तिनं श्वास धरला. एक मिनिट. दोन मिनिटं. तीन. आकडा शून्य पूर्णांक सहावरून हलला नाही.

उद्या शुक्रवार. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. पण बिचारा तो माणूस आपलं बटण धरून वर उभा असेल, त्याला सांगायला हवं, म्हणून ती चपला सरकवून अंगणात आली आणि वर तोंड करून ओरडली, "काही फरक नाही, चूमानसान! चालू करा तुमचं!"

"चालू करतो!" चूमान खिडकीतून अर्धा बाहेर वाकला होता. "अहो मित्सुएसान, तुमच्या गाद्या अजून तिथेच कशा?"

"गाद्या? सकाळीच घातल्यात."

"ते दिसतंय. पण इवाओसान साडेदहा वाजले की उचलायचे त्या. खांद्यावर टाकून रस्त्याकडच्या भिंतीवर नेऊन घालायचे. एक दिवस चुकला नाही. मी घड्याळ लावायचो त्यांच्यावर."

मित्सुएनं मान वळवली.

बारा वाजता ती एरवी इवाओपाशी आणि या आठवड्यात ओसरीत मीटरसमोर असायची. आठला गाद्या घालायला बाहेर यायची तेव्हा सावली पश्चिमेला, तिच्या भाजीच्या वाफ्यावर पडलेली असायची. तीनला गाद्या आत न्यायला यायची तेव्हा ती पूर्वेला, नळाजवळ. आत्ता भर दुपारी, वर्षात पहिल्यांदाच, तिनं बांबूच्या मागे पाहिलं. गादीची आणि रजईची सावली उत्तरेला कोठीच्या छपरावर सरळ पसरली होती. पॅनेलची खालची सगळी रांग सावलीत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

राखेच्या दिवशी गादी कुणीच बाहेर घालत नाही. तीही घालत नव्हती.

तिनं गादी उचलली. कुरकुरणारे गुडघे, चार फूट नऊ इंच उंची, आणि डोक्यापेक्षा मोठी गादी. ती धडपडत रस्त्याकडच्या भिंतीशी गेली, गादी वर फेकली, परत येऊन रजई नेली. वरून चूमान काहीबाही सूचना देत होता, तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. चपलांसकट ती ओसरीत शिरली. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती कधी चपला घालून घरात शिरली नव्हती.

मीटरवर दोन पूर्णांक चार.

"सापडलं!" ती पलंगाशी धावली. "अहो, सापडलं! माझ्या गाद्या! सावली पडत होती. तुमच्या त्या खालच्या रांगेवर!"

इवाओ छताकडे बघत होता. "हं," तो म्हणाला. "खालची रांग अडली की वरचीही अडते. एका माळेतले दिवे असतात तसं."

मित्सुए जागीच थांबली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"सोमवारी कळलं. तुझे सूर्य आणि ढग बघून."

"सोमवारी! आणि मी मंगळवारी त्या माणसाला राखेत गुडघे टेकायला लावले? काल चूमानसानच्या उंबऱ्यात डोकं टेकलं?"

इवाओनं नाकातली नळी सारखी केली. बोलायला त्याला मध्ये मध्ये थांबावं लागे. "पॅनेल बसवले तेव्हा तू म्हणाली होतीस. गाद्यांची सावली पडेल म्हणून. आठवतं?"

"तुम्ही म्हणालात, इंजिनखोलीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला शिकवू नकोस."

"हं. आठवड्याभरात कळलं, तू बरोबर होतीस."

"मग सांगायचं!"

"कसं सांगणार? त्यापेक्षा गाद्या उचलणं सोपं होतं."

अकरा वर्षं! अकरा वर्षं गल्लीतल्या बायका तिला म्हणत आल्या होत्या, नशीबवान बाई तू, तुझा नवरा गाद्या उलटतो. आणि ती मान किंचित कलती करून म्हणायची, हो, त्यांना आवडतं ते. गेल्या हिवाळ्यात तर दर चार पावलांना थांबत, भिंतीला हात लावत तो त्या गाद्या नेत होता, आणि ती स्वयंपाकघरातून बघून म्हणायची, राहू द्या हो, एका बाजूनं वाळल्या तरी चालतात. चूक कबूल करायला नको म्हणून माणूस एवढा दम लागेपर्यंत ओझं वाहतो? तिला हसू येत होतं. पण ते पुरतं येईना.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "या आठवड्यात का नाही सांगितलंत? तिथे परत नेऊ नकोस म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना मला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"तू जानेवारीपासून झोपलेली नाहीस, मित्सुए." त्यानं श्वास घेतला. "हे यंत्र जरा खाकरलं की उठून बसतेस. मी बघतो ना. तुझे डोळे बघ कसे झालेत. वाटलं, मी तिकडे गेलो... वादळापुरता का होईना... तर तू झोपशील."

मित्सुएचा बांध फुटला. रडू होतं की राग, तिचं तिलाच कळत नव्हतं, बहुधा दोन्ही.

"मला न विचारता? अकरा वर्षं मला न सांगता गाद्या वाहिल्यात, आणि आता मला न सांगता इस्पितळात जायला निघालात? तुमची ही न सांगायची खोड आता पुरे झाली! आणि झोपेचं म्हणता, तर ते चाळीस दिवस तुम्ही तिकडे होतात, मी इथे एकटी होते. तेव्हा मी किती झोपले ते एकदा तरी विचारलंत?"

इवाओनं विचारलं नव्हतं. त्यानं हात पुढे केला आणि तिची बाही धरली. ती सोडवून घेऊन मित्सुए डोळे पुसत ओसरीत गेली आणि चपलांचे ठसे पुसायला बसली.

शुक्रवारी दहाला माएसाको नर्स आली. बाहेर ऊन होतं आणि अंगणातला बांबू मोकळा होता. मित्सुएनं मुख्य बटण पाडलं. ऑक्सिजनचं यंत्र, एसी, दोन्ही पॅनेलवर. अकरा वाजले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा मित्सुएनं मांडीवरच्या मुठी आवळल्या. बारा वाजले. नर्सनं आणलेला डबा खाल्ला, मित्सुएनं थंड सोबा नूडल्स पुढे केल्या त्याही खाल्ल्या. एक वाजला. दोन वाजले. यंत्र एकसुरात गुरगुरत होतं.

नर्सनं पिशवीतून कागद काढला. "मी शब्द दिला होता. पण एक प्रश्न मला त्यांनाच विचारावा लागतो. कागदावर तसंच आहे." ती पलंगाकडे वळली. "इवाओसान, तुमची स्वतःची इच्छा काय? घर की इस्पितळ?"

मित्सुए खिडकीबाहेर बघत राहिली. आता तिच्या हातात काही नव्हतं. पॅनेलचं तिनं शोधून काढलं, पण हे उत्तर तिला धुता येत नव्हतं की उचलून दुसरीकडे ठेवता येत नव्हतं.

"घर," इवाओ म्हणाला. "पण मला सिलिंडर बदलायला शिकवा. रात्री हिला उठवायचं नाही."

"अहो, तुमचे हात थरथरतात!" मित्सुए म्हणाली.

"थरथरू देत. पाना धरता येतो अजून."

नर्सनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि एक सिलिंडर ओढून पलंगाच्या कडेला लावलं. आधी जुन्याची चावी बंद, मग वरचं डोकं सैल, मग नव्यावर बसवून घट्ट, मग चावी हळूहळू उघडायची. पहिल्या वेळी इवाओच्या हातून पाना जमिनीवर पडला. मित्सुए अर्धी उठली. नर्सनं नुसत्या नजरेनं तिला खाली बसवलं. दुसऱ्या वेळी डोकं तिरकं बसलं आणि हवा फुसफुसत बाहेर गेली. इवाओच्या कपाळावर घाम आला होता, ओठ निळसर झाले होते. तो पाच मिनिटं उशीला टेकून पडला आणि पुन्हा उठला. मित्सुएनं स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आठवडाभर तिनं जे जे केलं होतं, त्यात इतकं अवघड काहीच नव्हतं. तिसऱ्या वेळीही फुसफुस झाली. चौथ्या वेळी खोलीत काही आवाजच आला नाही, फक्त दाब दाखवणाऱ्या काट्यानं मान वर केली.

"आणखी दोनदा," नर्स म्हणाली. तो आणखी दोनदा करून मोकळा झाला, तेव्हा तिनं सही केली.

वादळ रविवारी संध्याकाळी आलं. सातला दिवे गेले. मित्सुएनं पलंगाशेजारी आपली गादी पसरली, पहिलं सिलिंडर लावलं, बाकीची इवाओच्या हाताशी ओळीनं मांडली, पाना त्याच्या उशाशी ठेवला आणि विजेरी त्याच्या मनगटाला बांधली.

"झोप आता," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

तिला जाग आली तेव्हा बंद झडपांच्या फटींतून ऊन आत आलं होतं. वारा नव्हता. यंत्र मुकं होतं, दिवे आलेले नव्हते, आणि सगळीकडे शांतता होती. साडेसात वाजून गेले होते. ती तशीच सरपटत पलंगाशी गेली. पलंगाखाली दोन रिकामी सिलिंडरं शेजारी शेजारी उभी होती, दोन्हींच्या चाव्या घट्ट बंद, जशा इंजिनखोलीतला माणूस करील तशा. तिसरं जागेवर बसवलेलं होतं. काटा अजून हिरव्यात होता. इवाओ उशांना टेकून बसला होता आणि तिच्याकडेच बघत होता.

"घोरत होतीस," तो म्हणाला. "वादळ ऐकू येईना."

"खोटं. मी घोरत नाही."

"दोन सिलिंडर संपेपर्यंत घोरत होतीस."